घोडीला कोणती हाक मारायची

प्रिय अंकुशा,

फोन हाताशी असताना ताई पत्र लिहिते म्हणजे काहीतरी बिनसलं, असं तुला वाटेल. घाबरू नकोस. हिंगणीचं घर उभं आहे, मी धडधाकट आहे, आणि कॉलेजातली मुलं अजूनही संस्कृत हा विषय केवळ मार्कांसाठीच घेताहेत. सृष्टिक्रम सुरळीत आहे. प्रश्न बाबांच्या घोडीचा आहे. बाबा गेल्यापासून मी तिला हाकेवर यायला शिकवते आहे, त्याची ही हकीकत.

तू पहिल्या सुट्टीहून जर्मनीला परत गेलास आणि नंतर बाबा असेपर्यंत आला नाहीस, त्याच साली बाबांनी ती आणली. एका वरातवाल्याने काढून टाकलेली. बँड वाजला की नवरदेवासकट कुणाच्याही तुरीत घुसायची. मी हौसेने तिचं नाव 'मनोजवा' ठेवलं, मनाच्या वेगाने धावणारी. बाबा म्हणाले, "कोकिळे, हे नाव हाक माराचं नाई, पत्रिकेत छापाचं हाय." ते तिला नुसतं घोडी म्हणायचे, निदान माझ्यासमोर तरी. दिवसभर ती जंगलाच्या कडेला मोकळी चरायची. सांजेला बाबा शेताच्या धुऱ्यावर, पार टोकाच्या बांधावर, जाऊन हाक मारायचे; ओसरीपर्यंत ती पोचायची नाही; आणि थोड्या वेळाने दोघं घरी यायचे. दोर नाही, लगाम नाही, ते पुढे आणि ती मागे, त्यांच्या खांद्याला नाक लावून. मी ओसरीवर पेपर तपासत बसलेली असायची. ते हाक कशी मारतात हे पाहायला एकदाही धुऱ्यापर्यंत गेले नाही. वाटलं, बाबा आहेत, घोडी आहे, मला कशाला ठाऊक हवं?

तू आलास तेव्हा दहावा उरकला होता. दोष देत नाही; तिकडची रजा आपल्याकडच्या मरणाला विचारून मिळत नाही. पण चार दिवस राहिलास आणि गोठ्याकडे फिरकला नाहीस, हे मात्र मी पाहिलं. तू गेल्यावर मी आणि घोडी, अशा दोघीच उरलो. बोरच्या जंगलातला वाघ यंदा आपल्या वावरातल्या पऱ्हाटीपर्यंत, कपाशीपर्यंत येऊन गेला. तिला मोकळी ठेवायची तर अंधाराआधी परत यायला हवी, आणि बांधून ठेवली की खात नाही. तळेगावचे भैय्याजी घोड्या पाळतात, शिंगरांवर जीव असलेला माणूस. ते बघायला आले आणि म्हणाले, "ताई, घोडी देखणी हाय, नेतो मी. पण हाकेवर येत नसन तं नाई जमत. माह्या वावरात मोकळी राहीन, सांजेले तिच्या मांगं कोन पळन?" त्यांनी नाही म्हटलं तर उरतो बाजारातला दलाल, आणि तो तिला कुठे पोचवील ते विचारू नये.

म्हणून मी शिकवायला घेतलं. रोज धुऱ्यावर उभी राहून "ये मनोजवे!" संबोधन अगदी निर्दोष. घोडीने कान हलवला, तो माशीसाठी. मग चण्यांची बादली वाजवली. ती आली, चणे खाऊन गेली; बादलीकडे आली होती, माझ्याकडे नव्हे. एका सांजेला मात्र ती आपण होऊन जवळ आली आणि मी आनंदाच्या भरात तिच्या गळ्यात दोर टाकला. दुसऱ्या दिवसापासून हाताच्या टप्प्याबाहेर. बोलावून बांधलं की दुसऱ्यांदा कोण येतं? मला तुझी ती पहिली सुट्टी आठवली. तू बुटाची नाडीही सोडली नव्हतीस आणि बाबांनी सातबारा पुढे केला होता, "आता पाह्य, वावर सांभाळतं का नाई." तेवढंच म्हणायचं होतं त्यांना, असं मला तेव्हा वाटलं होतं. तुलाही तसंच वाटलं असणार.

आता मागच्या आठवड्यातला तुझा फोन. रेंज धुऱ्याच्या पळसाखालीच मिळते म्हणून मी तिथे उभी होते. तुझा आवाज तुटायला लागला, आणि मी आपली ओरडते आहे, "अंकुश! अंकुशा! अरे, येतोय का आवाज?" तेवढ्यात जंगलाच्या कडेने टापा वाजल्या. घोडी. कान टवकारून, शेपूट उचलून, सरळ माझ्यापर्यंत. थांबली आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत राहिली. मग माझ्या पदराजवळ नाक नेऊन काहीतरी शोधायला लागली. तुला वाटलं असेल, रेंज गेली. रेंज नव्हती गेली. फोन मी बंद केला.

शेजारच्या वावरात गुरं राखणाऱ्या पुनाजीला बाबांच्या हाकेचं विचारलं, तर तो माझ्याकडेच नवलाने बघायला लागला. "नानाजी तं रोज याच नावानं बलावत. 'अंकुश, ये रे बापा, सांज झाली.' अन् आली का गुळाचा खडा देत. आमाले वाटे, घोडीचंच नाव हाय. मी घरी रुखमीले म्हनलं बी, मादीले बुवाचं नाव काऊन ठेवलं? पन मोठ्या मान्साले कोन इचारते?" तू शाळकरी असताना त्याच धुऱ्यावरून, त्याच शब्दांत ते तुला घरी बोलवायचे, आठवतं? त्यांनी घोडीला काही शिकवलं नव्हतं रे. ते हाक मारत होते, आणि जी येत होती तिला गूळ देत होते.

भैय्याजी रविवारी तिला न्यायला येताहेत. घोडी हाकेवर येते, एवढं कळवलं आहे. काय म्हणून बोलवायची, ते मात्र सांगितलेलं नाही. सांगितलं तर तळेगावच्या एका परक्या वावरात रोज सांजेला कुणीतरी तुझ्या नावाने हाक मारील. न सांगितलं तर ती तिथे एकटीच उभी राहील. नाव तुझं आहे, म्हणून तुला विचारते. तू ये, असं लिहीत नाही. या घरातलं बोलावणं आता घोडीपुरतंच ठेवलं आहे. या पत्राचा फोटो फोनवर पाठवते आहे; फक्त रविवारच्या आत हो किंवा नाही कळव. तोवर सांजेला मी धुऱ्यावर जाते, पदरात गुळाचा खडा घेते, आणि बाबांच्या चालीवर तुला हाक मारते. ती येते.

तुझीच,
कोकिळाताई