पलंगाखालचा बोळा

१२ जून
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. मी सुखरूप पोचलो. चार दिवस राहतो म्हणून आलो आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी उचलली, त्याचा राग धरू नकोस. दुकान बंद ठेवून चालत नाही म्हणालो, ते खोटं होतं. आता शिवायला टाकतंय कोण? आठवड्यात एखादी चेन बदलायची, एखादी पँट आखूड करायची.

खरं कारण तुझा नवा कुत्रा, तो बोळा. एवढासा जीव, माझ्या इस्त्रीएवढा, पण मला बघितल्याबरोबर पलंगाखाली गेला तो बाहेर येईना. तू हाक मारलीस की शेपूट हलवायचा, मी नुसता खोकलो की थरथरायचा. त्याला थंडीचा अंगरखा शिवावा म्हणून माप घ्यायला वाकलो, तर त्याने तिथेच लघवी केली. जन्मभर लोकांची मापं घेतली, एवढं कोणी घाबरलं नाही.

तुझे यजमान गेल्यापासून मागची खोली तुझ्यासाठी ठेवली आहे. आता कुत्रा आणलास म्हणजे तू येणार नाहीस, असं समजू का? काय ते स्पष्ट कळव. हल्ली जिवाला घोर लागतो. गॅस बंद केला का, ते तीन-तीनदा बघतो.
तब्येतीस जप.
तुझा दादा

१८ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि. दुकानाचं खोटं मला तेव्हाच कळलं. खोटं बोलताना तू लहानपणापासून कान खाजवतोस. शेजारीण विचारत होती, भाऊ एवढ्यात गेले? मी म्हटलं, कुत्र्याने हाकलले.

बोळ्याला ज्यांच्याकडून आणलं त्या बाईंना काल फोन केला. त्या म्हणाल्या, आधीच्या घरी त्याला पट्ट्याने बडवायचे. दादा, तू आलास तेव्हा गळ्यात मापाची टेप होती. प्रवासात, जेवताना, बाकड्यावर पेपर वाचताना, टेप गळ्यातच! माझ्याही लक्षात आलं नाही, कारण तिच्याशिवाय तू मला आठवतच नाहीस. तो तुला नाही, तिला घाबरला.

तिकडे यायचं म्हणशील, तर एवढ्यात जमणार नाही. तो आत्ता कुठे जिना उतरायला शिकलाय. आणि दादा, मीही या घरात आत्ता कुठे एकटी राहायला शिकलेय. रागावू नकोस.
लोभ आहेच, त्यातला चिमूटभर कुत्र्यालाही दे.
तुझी चिमणी

२३ जून
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आरशात बघितलं, तर टेप तेव्हाही गळ्यात होती. काढून ठेवली. मान उघडी पडल्यासारखी वाटते, हात सारखा तिकडेच जातो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, मास्तर, आजारी आहात का?

तू येणार नाहीस हे वाचून दुपारी जेवण गेलं नाही. पण तुझं बरोबर आहे. मागच्या खोलीत कापडाचे तागे नेऊन ठेवले. ती रिकामी बघवत नव्हती.

पुढच्या शनिवारी येतो. दारापाशी खाली बसेन. त्याच्याकडे बघणार नाही, हाक मारणार नाही. आला तर आला. अंगरखा अंदाजानेच शिवला आहे. मोठा झाला तर उशीला घाल.

एक विचारायचं आहे. तोंडाने विचारायला जमणार नाही, म्हणून लिहितो. तू एकटी पडलीस, तुला सोबत हवी, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण इथे मलाच राहवत नाही गं. दिवस दिवस कोणाशी बोलणं होत नाही. त्याने मला जवळ केलं, तर मी किती दिवस राहू?

आणि नाही केलं, तरी राहू का?

उत्तर लवकर धाड, पोस्टमनची वाट बघतो.
तुझा दादा