बाजारातली गाजरं

ती. आईस नमस्कार.

मी ठणठणीत आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

आमच्या शाळेत मुलं हातांनी काम करून शिकतात, असं तुला कौतुकानं सांगितलं होतं ना? डोंबलाचं शिकतात! माझ्या वर्गानं गाजरं लावली होती. करंगळीएवढीच आली, पण पोरांनी जिवापाड जपली. काल पालक येणार म्हणून मुख्याध्यापिकेनं सकाळीच ती उपटून टाकली आणि बाजारातली जाडजूड गाजरं मातीत खोचली.

एका चिमुरडीनं आईला दाखवायला आपलं गाजर ओढलं, तर रबर लावलेली अख्खी जुडी वर आली.

"बाई, माझं कुठंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत म्हटलं, "कचऱ्याच्या डब्यात. चल, शोधू."

अख्खा वर्ग मागे आला. मुख्याध्यापिका ओरडत राहिल्या, "शोभेसाठीच तर होतं!"

उद्या ऑफिसात बोलावलंय. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

पोरीनं तिचं गाजर धुऊन अर्धं मला दिलं. कडू होतं गं. सगळं खाल्लं.

तुझीच,
तोंडाळ लेक