लाल तलंगीची मऊ अंडी

२४ ऑक्टो., शुक्र.
सकाळी खुराड्यात हात घातला आणि ओरडलेच. लाल तलंग, आमची तरणी कोंबडी, पहिल्यांदा अंड्यावर आली! पण हे कसलं अंडं? कवचच नाही. नुसती पातळ कातडी, आत बलक हलतोय. तळहातावर ठेवलं की पसरट, उचललं की लांबट. अजून गरम होतं. उन्हाकडे धरलं तर आरपार दिसलं. पन्नाशी आली, जन्मभर अंडी फोडली, पण न फोडता आत डोकावायला कधी मिळालं नव्हतं. किती वेळ उभी होते देव जाणे. चहा उतू गेला.
यांना दाखवलं. "हे काय, पाण्याचा फुगा हाये काय?" झालं यांचं.
उज्जूला उठवलं नाही. नववा लागलाय पोरीला. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणलीय. असलं काही तिच्या नजरेला पडू नये वाटलं.

२५ ऑक्टो., शनि.
शेजारच्या शकीलाभाभीकडे. तलंगी तिनंच दिलेल्या. उज्जूला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच भाभीच्या कोंबडीखाली पिल्लं निघाली होती. म्हणाली होती, "घेऊन जा. पोरगी बाळंतपणाले येईन तवर अंड्यावर येतीन." बाळंतिणीला घरची अंडी. बाईचा अंदाज अगदी बरोबर निघाला.
मऊ अंड्याचं सांगितलं तर हसत सुटली. "नवी हाये वं ते. शिकून राह्यली. अंड्याचे छिलके भाज, कूट अन् दाण्यात टाक."
"अन् तरी नाई सुधरलं तं?"
"तं रश्श्यात टाक."
तिच्याकडचीच टरफलं आणून कुटून टाकली. लाल बया ज्वारी टिपते, टरफल बाजूला सारते. आमची उज्जू ताटातल्या कारल्याचं करते तसं.

२७ ऑक्टो., सोम.
पुन्हा तसंच. आणि नेमक्या मोठ्या जाऊबाई आल्या. बघितलं, पदर तोंडाला. "भरल्या दिवसाची पोर घरात, अन् कोंबडी असं टाकून राह्यली? गावाच्या शिवेबाहेर दे तिले. आजच्या आज." आवाज असा की वेशीपर्यंत जावा.
उज्जू बाहेर आली. मी नको नको म्हणेपर्यंत अंडं हातात घेतलं, गालाला लावलं. "आई, किती नरम हाये वं हे." मग जाऊबाईंकडे बघून, "काकू, तिले कुठीच नाई देणार मी."
जाऊबाई चहा न घेताच गेल्या.
मी काही असलं मानणारी नाही. शाळेत विज्ञानात पहिली यायचे. पण रात्री दोनदा उठून उज्जूला बघून आले.

३० ऑक्टो., गुरु.
जाऊबाईंचा निरोप: दिली का? यांना विचारलं. "कोंबडी तुही, पोरगी तुही, भेव बी तुहं. मले काऊन विचारून राह्यली?" आणि निघाले कापूस वेचायला बाया गोळा करायला.
ठरवलं. रविवारपर्यंत कडक अंडं आलं तर ठेवायची. नाहीतर शकीलाभाभीच्या भावाकडे, रोहिणखेडला. खरं लिहायचं तर मनात आणखी एक धरलंय. कडक अंडं आलं की उज्जू सुखरूप सुटणार. हे कुणाला सांगायचं नाही. हसतील.

२ नोव्हें., रवि.
आलं! कवच आलं! पातळ, खडबडीत, अंगठ्यानं दाबलं तर दबेल असं, पण कवच. देवापुढे दिवा लावला. देवाला अंडं कसं दाखवणार, म्हणून ते पदराखाली झाकून नमस्कार केला.
उज्जूच्या पोटावरून हात फिरवला. ती म्हणाली, "आज लई खूश हाये?"

५ नोव्हें., बुध.
आजचं टणक. ओट्यावर वाजवून बघितलं, टकटक. रंग फिकट तांबूस, वर बारीक ठिपके. आणि परवा-परवापर्यंत ही तलंग नुसती कातडी टाकत होती! त्या एवढ्याशा पोटात भिंत बांधायला हिला कुणी शिकवलं? घमेलं नाही, गवंडी नाही. मला चाळीस ब्लाउज शिवल्यावर कुठे गळा धड जमायला लागला. खुराड्यापाशीच बसून राहिले, भाजी करपली.
जाऊबाईंना उकडून पाठवणार होते. यांनी अडवलं.
उज्जू गालातल्या गालात हसत होती. वाटलं, माझ्याच वेडेपणाला हसतेय.

८ नोव्हें., शनि.
जे झालं ते तसंच लिहिते.
खुराड्यामागे खलबत्ता सापडला, तळाला पांढरी भुकटी. टरफलाची नव्हे, वास वेगळा. उज्जूची उशी उचलली. खाली गोळ्यांची रिकामी पाकिटं. कॅल्शियमच्या! सिस्टरबाई दर महिन्याला देतात त्या.
"तू खाल्ल्या का कोंबडीनं?"
उशी जागेवर ठेवत म्हणाली, "घशात अडकते आई. ओकारी येते. ते पाह्य ना, ज्वारीत कालवलं की गपागप खाते."
"कधीपासून?"
"काकू बोलून गेल्या तव्हापासून."
मी खूप बोलले. अक्कल काढली, शिक्षण काढलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू रोज सकाळी अंडं पाहे अन् मंग माह्या पोटाकडे पाहे. मले त्याचं भेव वाटे. वाटलं, एकडाव कडक अंडं आलं की पाह्यनं बंद करशीन."
मला वाटत होतं पोरीला काही कळत नाही.
दोघी रडलो. हे शेतातून आले, दोघींची तोंडं बघितली आणि आल्या पावली परत गेले.

१० नोव्हें., सोम.
मोताळ्याला दवाखान्यात. बाळाचे ठोके ऐकवले. घोड्याच्या टापा जशा. डॉक्टरीण म्हणाली, ठीक आहे सगळं, पण आजपासून गोळी चुकवायची नाही. सिस्टरबाई आधी हसल्या, मग चिडल्या. "बाळ काही सोडत नसते. गोळीतून नाई भेटलं तं आईच्या हाडातून घेते."
संध्याकाळी शकीलाभाभीला सांगितलं. म्हणाली, "मंग? कोंबडीबी तसंच करते. दाण्यात नसलं तं आपल्या हाडातलं काढते, पन छिलका बनवते."
कोंबडीच्या काडीएवढ्या तंगड्या बघितल्या. मग उज्जूचे पाय बघितले, सुजलेले. बाईच्या जातीला हे कुणी लावून दिलं असेल? माझ्यातूनही असंच काढून घेतलं असेल हिनं. मला पत्ताही लागला नाही.
गोळी आता दोन तुकडे करून, जेवणाबरोबर, माझ्यासमोर. तोंड वाकडं करते, पण घेते.

१३ नोव्हें., गुरु.
परत मऊ.
लपवणार होते. नाही लपवलं. उज्जूला हाक मारली, दोघी अंगणात उन्हात उभ्या राहिलो. तिनं अंडं वर धरलं. बलक हळूच कलला, कातडीवर बारीक सुरकुत्या. तेवढ्यात पोटात बाळानं लाथ मारली, तिनं माझा हात ओढून तिथं ठेवला. माझा एक हात अंड्याखाली, एक तिच्या पोटावर. दोन्हीकडे ऊब.
"आता भेव नाई वाटत?" तिनं विचारलं.
"वाटते ना."
"मलेबी," म्हणाली. बरं वाटलं ऐकून.
टरफलं आता पिठासारखी वाटून देतेय. लाल बया खाते. जाऊबाईंना निरोप पाठवला: कोंबडी इथंच राहील.

१६ नोव्हें., रवि.
दवाखान्याच्या बाकावर. अक्षर वाकडं येतंय.
पहाटेपासून कळा. हे गाडी आणायला पळाले. मी दुपटी, थर्मास, फाइल भरत होते, आणि खुराड्यातून लाल तलंगीचा बारीक आवाज. बसली होती, डोळे अर्धे मिटून, अंग फुगवून. मला काय झालं, सगळं टाकून तिथं गेले. पोटाखाली हात सरकवला. गरम. ओलसर. आत्ताच घातलेलं.
"आई!" उज्जूची हाक.
बोटांना काही कळायच्या आत हात काढून घेतला. कडक का मऊ, नाही बघितलं. धावत गेले.
गाडीत वाटभर तिचा चेहरा बघत होते. कळ आली की दात ओठावर, गेली की माझ्याकडे बघून हसायची. एवढं बळ कुठून आणते ही? काल-परवापर्यंत गोळी गिळायला रडत होती.
आत नेलंय. हे फेऱ्या मारतायत. शकीलाभाभी बाजूला तसबीची माळ ओढतेय.
दार उघडलं. सिस्टर विचारतायत, "उज्ज्वलाची आई कोण हाये? आत या."
जाते.