तोवाचं लग्न आणि ऑइल प्रेशर

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार
निश्चय: रविवारी तोवाला लग्नासाठी सिनेगॉगला न्यायचं ते आजोबांच्या मोटारीतूनच. ड्रायव्हर मी. नंतर पोरगी नवऱ्याबरोबर, नोमबरोबर, इस्राएलला जाणार, मग कसली बसते बापाच्या गाडीत!
गाडी १९२८ची, तब्येत ठणठणीत. फक्त ऑइल प्रेशर पडतं. मामुली काम. इंजिनाच्या कुशीत रिलीफ व्हॉल्व्ह: एक गोळी, मागे स्प्रिंग, वर स्क्रू. आवळला की दाब वाढतो, सैल केला की उतरतो. बास.
मेहुणा रुबेन म्हणाला, मेकॅनिकला दाखवा. मी म्हटलं, आपण शनिवार तेली. पिढ्यानपिढ्या कोकणात घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले. तेल आपल्याला कोण शिकवणार? तो म्हणाला, भावजी, ते तिळाचं होतं.

१८ नोव्हेंबर
पुस्तकात लिहिलंय, गार तेल घट्ट असतं, दाब उगाच जास्त दिसतो; इंजिन चांगलं तापल्यावरच सेटिंग करा. ते थंड देशातल्यांसाठी. पनवेलमध्ये इंजिन मुळातच तापलेलं. चालू केल्या केल्या स्क्रू आवळला. प्रेशरच्या डायलचा काटा हवा तिथे! एलिशेबाला बोलावून दाखवलं. बायकोने काटा पाहिलाच नाही. माझे हात पाहिले आणि पडद्यांपासून लांब राहायला सांगितलं.

२० नोव्हेंबर
ट्रायल. पळस्प्यापर्यंत झकास. तिथे इंजिन तापलं आणि काटा शून्याकडे निघाला. गाडी बंद. परत येताना टेम्पोने ओढून आणली. टेम्पोवाल्याने विचारलं, म्युझियमला न्यायची हाय काय? काही लोकांना कदरच नसते.

२१ नोव्हेंबर, सायं. ५.३०
निदान झालं: स्क्रू कमी आवळला होता. शुभकार्य म्हणून आता सढळ हाताने आवळला. चालू करून बघणार, तेवढ्यात एलिशेबाने आत बोलावलं. शब्बाथचे दिवे लावायची वेळ. म्हणजे उद्या रात्रीपर्यंत हात लावायचा नाही. टेस्टिंग राहिलं. पण टेस्टिंग शंकेखोरांनी करावं.

२२ नोव्हेंबर, तारे दिसल्यावर, शब्बाथ संपवून
दिवसभर गाडीसमोर खुर्ची टाकून बसलो. नुसतं बघणं म्हणजे काम नव्हे. रुबेन म्हणाला, पूर्वज शहाणे, आठवड्यातून एक दिवस तरी तेल सांडत नसे.
आता मेहंदीचे पाहुणे आलेत. नवरीच्या बापाने अशा वेळी गॅरेजमध्ये शिरणं शोभत नाही.
तोवाने हळूच विचारलं, पप्पा, रिक्षा सांगून ठेवू का? मनाला फार लागलं.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
सकाळी गार इंजिनाला हँडल मारलं. काटा असा चढला की रुबेनने टोपी सावरली. मग डायलमागची तांब्याची नळी फुटली. काळं तेल थेट माझ्या क्रीम पँटवर. तोवा अजून गाडीत चढलीच नव्हती, साडी पांढरीशुभ्र राहिली. याला नियोजन म्हणतात.
इंजिन बंद केलं. मीच म्हटलं, बोलवा रिक्षा.
तोवा साडी सावरत मागच्या सीटवर जाऊन बसली. म्हणाली, तुम्हीच न्यायचं ठरलंय ना? मग चला.
रुबेन, नोमचे भाऊ, शेजारची ऋचा, अख्खं वऱ्हाड ढकलायला. मी स्टीअरिंगवर, हॉर्न वाजवत. तोवा हसत होती. मी रडत होतो. डोळ्यात तेल गेलं, असं सगळ्यांना सांगितलं.
सिनेगॉगच्या दारापर्यंत डायलवरची नजर हलवली नाही. प्रेशर शून्य. पण काय स्थिर! या गाडीने इतकं स्थिर प्रेशर आजवर कधी दिलं नव्हतं.