पांढरे ठिपके

३ नोव्हेंबर
भिकार काम! आमचा साहेब स्टुरे म्हणतो, "आर्किटेक्चर अर्ध्यावर सोडलंस ना? मग चाल, बघ, ठिपका दे." विमा कंपनीच्या ऑफिसचे तीन मजले आहेत, त्यांचे दोन करायचेत. कुठल्या खुर्च्या जास्तीच्या, ते आमच्या फर्मने शोधायचं. सकाळी एक फेरी, दुपारी एक. माणूस बसलेलं — नकाशावर लाल ठिपका. खुर्ची रिकामी — पांढरा. माणूस कुठे गेलं, का गेलं, विचारायचं नाही. आणि काय मोजतोय ते कुणाला सांगायचंही नाही. विचारलंच तर — "खिडक्यांचा उजेड बघतोय."

४ नोव्हेंबर
क्लेम विभागात कोपऱ्यातल्या खिडकीशी एक मुलगी बसते. तुवा. मी नकाशा धरून खांबासारखा उभा. "काय रे उजेडवाल्या, सापडला का? ओरेब्रोत? स्वीडनच्या अंधाऱ्या नोव्हेंबरात?" हसली. उठली. "चल, कॉफी घे."
गेलो. काय बोललो, देव जाणे.

७ नोव्हेंबर
आजही! मी दिसलो की हातातलं टाकून उठते. सकाळी, दुपारी, दोन्ही फेऱ्यांना. शेजारचा हेनिंग दिवसभर जुन्या बोटींच्या जाहिराती बघतो, मान वर करत नाही. दालचिनीचा पाव मोडला, त्यातला मोठा तुकडा तिने मला दिला. मोठा!

१२ नोव्हेंबर
ती अजून प्रोबेशनवर आहे. जानेवारीत पक्की होईल. "मग भाड्याने का होईना, स्वतःची खोली. आईच्या सोफ्यावर झोपून पाठ गेली माझी."
मी मनात त्या खोलीचाही नकाशा काढला. पलंग खिडकीशी.

१३ नोव्हेंबर
निळा स्वेटर. बास.

२१ नोव्हेंबर
सगळे ठिपके एकत्र करून नकाशा भिंतीवर लावला. हेनिंग लालच लाल — बोटी बघत का होईना, बसलेला असतो! तुवाची खुर्ची पांढरी. पहिल्यापासून शेवटपर्यंत पांढरी. माझ्या हातचे ठिपके! कॉफी पिऊन झाली की नियमाप्रमाणे रिकाम्या खुर्चीचा ठिपका द्यायचो. देताना लक्ष कागदावर कुठे होतं?
स्टुरेने बोट ठेवलं. "ही गेली. प्रोबेशनवरची आहे, कटकटही नाही."
"अरे, ती माझ्याबरोबर होती!"
"सगळेच कुठे ना कुठे असतात रे. ठिपका तो ठिपका."
नकाशा टराटरा फाडला. त्याने शांतपणे दुसरा छापला.

२४ नोव्हेंबर
तडक त्यांच्या मॅनेजरकडे गेलो. गुनवोर. दारही वाजवलं नाही. ओरडलोच — "तुवा कामचुकार नाही! खुर्ची रिकामी दिसते, कारण ती माझ्याबरोबर कॉफीला असायची!"
तिने चष्मा काढला. "रोज?"
"रोज! सकाळी, दुपारी!"
"आणि तू फेऱ्या मारायचास कधी? कॉफीच्या सुट्टीत?"
"नाही. कामाच्या वेळेत..."
बोलून गेलो. मग कळलं काय बोललो ते.
"तिची खुर्ची गेली तरी मी तिला खालच्या मजल्यावर घेणार होते," गुनवोर म्हणाली. "सांगितलंस ते बरं केलंस."

२५ नोव्हेंबर
फेरीला गेलो नाही. स्टुरेचा फोन उचलला नाही.

२ डिसेंबर
तुवाला काढलं. एक खोकं, एक कुंडी. बसथांब्यावर गाठली आणि सगळं ओकलो — ठिपके, उजेडाची थाप, गुनवोर. मग तेही सांगितलं. तिच्यावर जीव जडलाय ते. ती कुंडीतली माती बोटाने दाबत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं. बस आली.

३ डिसेंबर
चढताना काय म्हणाली, ते काल लिहवलं नाही.
"बाहेरचं माणूस उभं असताना त्याला एकट्याने कॉफी प्यायला लावू नये, असं आमच्या घरचं वळण. म्हणून उठायचे. हेनिंगला रोज म्हणायचे, आज तू जा ना रे त्याच्याबरोबर. तो मेला उठायचाच नाही."