कानात सांगितलेलं नाव

६ नोव्हेंबर, गुरुवार
शिरीष सकाळपासून, एकाच घरात असून, फोनवर नावं धाडतोय. मायरा, कियारा, अन्वी, आद्या. प्रत्येकापुढं अर्थ. निम्म्यांचा ‘राजकन्या’, उरलेल्यांचा ‘देवी’. एवढ्या राजकन्या ग्वाल्हेरात राहणार कुठं? मंगळवारी त्याच्या लेकीचं बारसं. नाव मी ठेवणार, आत्या म्हणून. भावाला बहीण एकच, त्यामुळे मान माझाच. भाव खायला मिळतोय तर खाऊन घेते.

८ नोव्हें., शनि.
टोपी बाजारातून कुंचीचं कापड आणलं. नीलम बाळाला घेऊन बसली होती, शिरीष बाहेर. माझी ही भावजय हळूच म्हणाली, “जीजी, एक बात मानेंगी? मम्मी का नाम रख दीजिए.” तिची आई मुरैन्याची. रामश्री. मागच्या वर्षी गेली. बाळंतपणाला येणार होती.

मी विचारलं, “सब पूछेंगे, अर्थ क्या बताऊँ?” काय बोलले मी! ती म्हणाली, “मेरी मम्मी का नाम है, जीजी. और क्या अर्थ?”

वचन दिलं. हात हातात घेऊन दिलं. मग दिवसभर स्वतःचंच कौतुक, किती मोठ्या मनाची मी वगैरे.

१२ नोव्हें., बुध.
काल बारसं झालं. लिहायला हात धजत नाही.

इंदूरच्या काकू महिनाभर लेकीकडे इथंच थाटीपूरला आल्यात. पाळण्याला फुलं बांधताना म्हणाल्या, “नाव आपल्यातलं ठेवतेयस ना गं? नाहीतर तिकडच्या बायकांची नावं बघ. रामकली, रामबेटी. ऐकवत नाहीत.” सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

मग कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मी वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं, पाठीत बायकांचे धपाटे. कुर्र्र केलं आणि म्हटलं, अन्वी. शिरीषच्या नावांतलं जे आधी आठवलं ते. रामश्री ओठांपर्यंत आलं होतं, शप्पथ. पण काकू समोरच उभ्या होत्या.

“छान! अर्थ काय?” कुणीतरी विचारलं. “देवीचं नाव आहे,” दिलं ठोकून. मला काय ठाऊक!

नीलमच्या हातात पाळण्याची दोरी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नंतर सगळ्यांना पेढे दिले. मलाही दिला.

१४ नोव्हें., शुक्र.
ऑफिसात पेढे वाटले. समोरच्या टेबलवरची म्हणते, “अरे वाह, मेरी भतीजी भी अन्वी!” आमच्या वरच्या मजल्यावर आणखी एक. झालं.

नीलम सगळ्यांसमोर ‘अन्वी’ म्हणते, अगदी नीट. चहा देते, बोलते. आज दार लोटून बाळाला तेल लावत होती. आतून आवाज, “मेरी रामश्री, पाँव इधर कर.” मी आत गेले तर एकदम चूप.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वचन मोडलं मी, आणि लपून बोलायचं तिनं. तेही स्वतःच्या लेकीशी. लाज वाटते गं बाई, फार लाज वाटते.

१५ नोव्हें., शनि.
सराफ्यात गेले. आत्याकडून चांदीची वाटी द्यायचीच होती. “नाम क्या डालना है, बहनजी?” म्हटलं, रामश्री. सोनार म्हणाला, “माताजी के लिए है?” म्हटलं, “नहीं भैया, भतीजी है. पालने में है अभी.” तो हसला नाही. मला उगाच वाटत होतं की सगळं जग हसेल.

१८ नोव्हें., मंगळ.
नीलमला खोलीत एकटीला गाठून वाटी दिली. माफी मागितली. रडले मी, ती नाही. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाली, “वहाँ बोलना था, जीजी. सबके बीच में. अकेले में तो मैं भी बोल लेती हूँ.”

खरंच होतं.

शिरीषला सांगितलं. तो वैतागला. “ताई, आत्ता? सगळ्यांना कळवून झालं. सोमवारी नगर निगममध्ये नाव द्यायचंय.” म्हटलं, रामश्री दे. म्हणाला, “आणि काकूंना कोण सांगणार?” मी म्हटलं, “मी.” मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

२० नोव्हें., गुरु.
काकूंचा फोन. “काय म्हणते आमची अन्वी?”

“मजेत आहे,” मी म्हटलं. आणि ठेवला.

नीलम समोर दुपट्यांच्या घड्या करत होती. एक घडी मोडली, परत घातली. एवढंच.

पन्नाशी उलटली माझी. ऑफिसात साहेबाला सुनावते आणि काकूंपुढे शेपूट घालते. काकूंना काय, दोन दिवस नाक मुरडतील. इथं नीलमला जन्मभर लेकीला दार लोटून हाक मारावी लागेल. थूः माझ्यावर.

परत फोन केला. धीर झालाच नाही. रविवारी जेवायला या म्हटलं. आता तोंडावरच सांगते.

२३ नोव्हें., रवि.
मसालेभात, श्रीखंड. शिरीष म्हणतो, उद्या ऑफिस उघडलं की निगममध्ये जाणार, दोघींनी मिळून काय ते एक नाव सांगा.

पानं घेतलीत. नीलमनं चांदीची वाटी आणून काकूंच्या पानासमोर ठेवली, नाव त्यांच्याकडे करून. मीठ वाढायच्या निमित्तानं मी दोनदा वाटीला हात लावला. फिरवून ठेवावी असं मनात आलं, खोटं कशाला लिहू? फिरवली नाही.

खाली रिक्षा थांबली. जिन्यातूनच काकू, “अन्वी कुठंय गं आमची?”

नीलम बाळाला घेऊन दारात उभी आहे. दार अजून उघडलं नाहीये तिनं. माझ्याकडे बघतेय.

उठते.