चहाच्या पिंपावरची गोधडी

राजाजीनगर, बेंगळुरू
सोमवार

ती. सौ. ठकूअक्कास,

महानंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, फक्त माझी अब्रू तेवढी इंदिरानगरला एका भिंतीवर टांगलेली आहे. ते पुढे येईलच. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. गेली चार वर्षं मी फोन केला की तू 'हं, हं, बरं' म्हणून तो दाजींच्या हातात देतेस, आणि दाजी मला निपाणीचं हवामान सांगतात. पत्र तेवढं दाजींकडे देऊ नकोस (यात त्यांच्याबद्दलही आहे).

तर शनिवारी आमच्या महिला मंडळाचा मेळावा झाला. व्याख्यानं, चित्रप्रदर्शन, गाणं, सगळं एकाच दिवसात, कारण दोन दिवस हॉल मिळत नाही. अध्यक्ष शकुंतलाबाई. त्यांचं घराणं चार पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठी बोलता बोलता त्या कानडीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. प्रदर्शन अश्लेषाकडे. ही दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याहून आली आणि आल्या आल्या तिने मंडळाला वळण लावायला घेतलं. आणि चहा माझ्याकडे. नऊ वर्षं माझ्याकडेच आहे. नऊ वर्षांत माइकवरून माझ्याबद्दल एकच वाक्य ऐकलंय मी, ते म्हणजे 'चहा बाहेर तयार आहे.' कुणी केला ते नाही. मनाला लागतं गं. हसू नकोस.

मंडळाच्या चहाच्या पिंपाचं झाकण सैल आहे आणि वक्ते लांबतात, म्हणून पिंपाला गुंडाळायला मी घरून गोधडी नेली होती. तुझी गोधडी. हो, तीच. (वाचणं थांबवू नकोस, अजून पुष्कळ आहे.) सुतळीने बांधली की तीन तास चहा वाफाळता राहतो.

इकडे अश्लेषाचं मोठं चित्र के. आर. पुरमच्या गर्दीत टेम्पोत अडकलं. भिंतीवर खिळा रिकामा, खाली चिठ्ठी मात्र चिकटवलेली : 'अंतर्मनाचा आक्रोश'. तेवढ्यात पाहुण्या वाणीबाई अर्धा तास आधी येऊन उभ्या. मोठ्या चित्रकार आहेत. बेंगळुरूत कुणी वेळेआधी पोचू शकतं याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. शकुंतलाबाईंनी इकडेतिकडे बघितलं, "महानंदा, स्वल्प अडजस्ट करूया गं," म्हणाल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत पिंप उघडं करून गोधडी खिळ्याला लावली. टेम्पो येईपर्यंतच म्हणे. चहा गार होईल, असं मी ओरडले, पण स्टेजवर गाणाऱ्या बाईंनी नेमकी तेव्हाच तान घेतली.

टेम्पो काही आला नाही. वाणीबाई गोधडीसमोर दहा मिनिटं उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी 'स्त्री आणि रंग' या विषयावरचे लिहून आणलेले कागद पर्समध्ये ठेवले आणि पाऊण तास तुझ्या गोधडीवरच बोलल्या. कोपऱ्यातला चहाचा डाग म्हणजे नदीचा उगम. वाकडे टाके म्हणजे मुख्य प्रवाहाला नकार. (ते तू माझ्या नीलाच्या बारशाच्या घाईत घातलेस.) आणि मधोमध तो निळ्या पट्ट्यांचा तुकडा आहे ना, दाजींच्या जुन्या चड्डीचा? ते म्हणजे तुरुंगाचे गज. बाईच्या जन्माचा तुरुंग. त्यांचा आवाज कापत होता. पुढच्या रांगेत दोघींनी डोळे पुसले. मी दाजींचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा नाही म्हणून दाराच्या कडीकडे बघत बसले.

मग त्यांनी विचारलं, ही कुणी केली? शकुंतलाबाई माइकवर म्हणाल्या, "आमच्या महानंदाक्कांनी!" अक्का, देवाशपथ सांगते, खरं सांगायलाच मी स्टेजवर चढले होते. पण माझं नाव घेऊन अडीचशे बायका टाळ्या वाजवत होत्या. नऊ वर्षं त्यांनी मला फक्त साखर कमी की जास्त एवढंच विचारलं होतं. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, हो.

एकदा हो म्हटल्यावर पुढचं आपोआप सुचत गेलं. मी गजांबद्दलही दोन वाक्यं बोलले. किती टाके आहेत विचारलं तर म्हटलं, कलेत मोजदाद नसते. (याला सगळ्यात जास्त टाळ्या.) मग वाणीबाईंनी त्या भाजलेल्या ठिकाणी बोट ठेवलं, आईच्या हिरव्या इरकलीचा तुकडा आहे तिथे. विचारलं, हे तुम्ही मुद्दाम जाळलंत का?

मुद्दाम नाही गं अक्का. तू रात्र रात्र बसून शिवलेली गोधडी मी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली, आणि शेजारीण आली म्हणून गप्पा मारत उभी राहिले. तू चार वर्षांपूर्वी आलीस, तो डाग बघितलास, काही बोलली नाहीस, आणि दोन दिवस आधीच निपाणीला निघालीस. मीही काही बोलले नाही. तुला चटणी बांधून दिली आणि बसस्टँडपर्यंत रिक्षा करून दिली. हे सगळं मला अडीचशे बायकांसमोर आठवलं आणि मी स्टेजवर हमसून रडले. सगळा हॉल उभा राहिला. वाणीबाईंनी मला मिठी मारली. त्यांना वाटलं, कला. आणि बाहेर पिंपात चहा बर्फासारखा गार झाला होता, तरी एकीनेही तक्रार केली नाही. आक्रोशाचा परिणाम म्हणे.

आता गोधडी वाणीबाईंच्या इंदिरानगरच्या प्रदर्शनात आहे, आणि आणखी तीन आठवड्यांनी मी तिथे लोकांसमोर बसून गोधडी शिवून दाखवायची आहे. मला सुईत दोरा ओवता येत नाही, ह्यांच्या शर्टाची बटणं कोपऱ्यावरचा शिंपी लावतो, हे तुला माहीत आहे. बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला तेल.

तुझी,
महानंदा

ता. क. : तू आठ दिवसांसाठी ये आणि मला निदान धावदोरा तरी शिकव. कुणाला कळू द्यायचं नाही. शेजारी सांगू, गुडघा दाखवायला आलीस.

ता. क. २ : वरचं सोमवारी लिहिलं, आज गुरुवार. पत्र तीन दिवस फ्रिजवर पडून होतं, पेटीत टाकायचा धीर होईना. शेवटी काल मी शकुंतलाबाईंकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, मंडळातून काढतील. त्या म्हणाल्या, "सरी, सरी, बरं, मग अक्कालाच बोलव की!" वाणीबाईंनाही मीच फोन केला. त्यांनी तुझं पूर्ण नाव विचारलं. पत्रिका छापून झाली. 'गोधडी : सौ. ठकूबाई देवाप्पा पाटील, निपाणी.' खाली बारीक अक्षरात माझंही आहे : 'चहा : महानंदा'. नाव घालून. तुझं नि दाजींचं तिकीट काढलंय, त्यामुळे मला शिकवायचं रद्द, तूच स्टेजवर बस.

ता. क. ३ : आईच्या त्या हिरव्या इरकलीचा एखादा तुकडा तुझ्या ट्रंकेत उरलाय का? असला तर आण. वाणीबाई म्हणतात, भाजलेला भाग तसाच ठेवा. मी त्यांना सांगितलंय, ते अक्का ठरवेल. ठिगळ लावलंस तरी चालेल, नाही लावलंस तरी. पण या वेळी दोन दिवस आधी जाऊ नकोस.

ता. क. ४ : दाजींना गजांचं काही बोलू नकोस. उगीच यायचेच नाहीत. इथे आल्यावर त्यांना दिसेलच, त्या तुकड्यावर आता वेगळा दिवा लावलाय.